सगळ्याचा वास येणारी गाडी

सर्व संबंधितांस, तसेच काडीचाही संबंध नसताना वाचणाऱ्यांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की पुणे शहराच्या हद्दीत सध्या एक पांढरी, डिझेलवर चालणारी, सेकंडहँड कॉम्पॅक्ट एसयूव्ही मोकाट फिरते आहे. ती नेमकी काय चीज आहे हे विज्ञान, गॅरेजवाला आणि माझ्या सासूबाई या तिघांपैकी कोणालाही अद्याप ठरवता आलेलं नाही. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. गाडी माझ्याच पार्किंगमध्ये असते.

उभे असाल तर आता बसा.

मंडळी, या सदरातले तुमचे अनुभव मी कित्येक वर्षं जेवताना वाचतो. घाटात लिफ्ट मागणारी बाई, बंद खोलीतला पैंजणांचा आवाज... वाचतो, हसतो आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडतो. आमच्या घरात हे खातंच नाही. माझ्या आजोबांनी नागपुरात दीक्षा घेतली त्याच दिवशी देवऋषी, उतारा, भूतबाधा हा सगळा माल तिथेच टाकून दिला, आणि पुढच्या पिढ्यांत कोणी तो परत उचलून आणला नाही. गाडी घेतली की लोक चाकाखाली लिंबू ठेवतात. आमच्याकडे लिंबू पोह्यांवर पिळतात. तेव्हा मी, मेश्राम, सरकारी नोकर, या सदरात लिहायला बसलोय हाच माझ्या मते पहिला अमानवीय प्रकार आहे.

आधी माझ्या बायकोची ओळख करून देतो, कारण गाडीपेक्षा गोष्ट तिची आहे.

माया. माहेर नागपूर, सासर नागपूर, संसार धायरीत. इतकी वर्षं इथे राहून तिची बोली पुण्यासारखी झाली आहे. फक्त चिडली किंवा हरखली की आतलं नागपूर उसळून बाहेर येतं. ही बाई मसाला करायची. आमच्याकडचा काळा मसाला. उन्हाळा आला की धणे, खोबरं, खसखस, दगडफूल, मिरच्या असा सगळा दरबार आमच्या स्वयंपाकघरात भरायचा. एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, आणि किती भाजायचा याला तिच्याकडे ना वेळ, ना माप. "मसाला नाकानं भाजतात," असं म्हणायची. कढईशी नाक पुढे करून उभी राहायची आणि आम्हाला कोणालाच काही कळलेलं नसताना एकदम "झालं!" म्हणून गॅस बंद करायची. त्या मसाल्यासाठी नातेवाईक आमच्याशी गोड वागायचे. ऑफिसातले साहेबसुद्धा माझ्याशी गोड वागायचे, यावरून काय ते ओळखा.

मग कोविड आला. आम्ही दोघंही तापलो, दोघंही बरे झालो. माझं नाक लवकरच परत कामावर रुजू झालं. तिचं झालं नाही. आज येईल, उद्या येईल करता करता वर्षं गेली. दूध उतू जायचं आणि ती शेजारीच उभी असायची. नंतरच्या उन्हाळ्यात तिने अंदाजाने मसाला भाजला आणि सगळीकडे डबे पाठवले. "छान झालाय हं," असं सगळे म्हणाले. पण दुसरा डबा मात्र कोणीच मागितला नाही. तिला कळायचं ते कळलं. कढई माळ्यावर गेली. मसाला दुकानातून यायला लागला. मी बोलका माणूस — जरा जास्तच, असं म्हणतात — पण ज्या घरात फोडणी टाकून बाई खिडकीबाहेर बघत उभी राहते, तिथे माझेही विनोद चालेनात.

एवढं लक्षात ठेवा. आता गाडी.

गाडी हवी होती मायाच्या गुडघ्यांसाठी. आमची जुनी गाडी इतकी बुटकी, की तिच्यातून बाहेर येताना माया विहिरीतून वर आल्यासारखी यायची. उंच सीटची गाडी हवी, आणि धायरीतल्या स्पीडब्रेकरांवर पोट न घासणारी हवी. नवी घ्यावी तर इच्छा आणि ऐपत यांची काही गाठ पडेना. म्हणून सेकंडहँड. आणि सेकंडहँड गाडी बघायची म्हणजे बरोबर जाणकार हवा. तो होता — ऑफिसातला माझा मित्र दिघे. गाड्यांच्या बाबतीत दिघ्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. त्यांनी स्वतः आयुष्यभर स्कूटर चालवली आहे, पण ते सोडा.

"दिघे, कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणजे नक्की काय हो?" मी विचारलं.

"जिमला जाणारी हॅचबॅक. छाती पुढे, आत जागा तेवढीच."

अशा डोळे उघडणाऱ्या मार्गदर्शनासह एका रविवारी सकाळी आम्ही तिघं नारायण पेठेत जाऊन पोचलो. गाडीचे मालक लिमयेकाका, पंचाहत्तरीच्या आसपास, पहिल्या मजल्यावर. बेल वाजवली. दार चार बोटं उघडलं.

"कोण?"

"काका, गाडी बघायला आलोय."

"मग वर कशाला आलात? गाडी खाली आहे."

खाली जाऊन बघितली. पांढरी, डाव्या बाजूला पेठेतल्या गल्ल्यांनी काढलेले ओरखडे, बाकी बरी. थोड्या वेळाने काका चप्पल घालून किल्ली घेऊन उतरले. मी हसून म्हटलं, "छान ठेवलीय हो गाडी."

"छान वगैरे काही नाही," काका म्हणाले. "गुण जाहिरातीत असतात. ते कंपनीनं सांगितलेत. मी दोष सांगतो. ऐका, नंतर धायरीहून भांडायला येऊ नका. क्लच जड आहे. सकाळी चालू केली की ट्रॅक्टरसारखी बोलते. मागे तिसरा माणूस बसला तर तो आणि मधला उंचवटा यांचं जमत नाही. गावात ॲव्हरेज विचारू नका, मला बोलायला लाज वाटते. मागच्या काचेतून मागचं दिसत नाही, नुसती शंका येते. टायर बदलायला आलेत. आणि वास येतो."

"कसला वास?" दिघ्यांचे कान टवकारले. वास म्हणजे ओल, ओल म्हणजे पाण्यात बुडालेली गाडी — हे गणित त्यांनी मनातल्या मनात मांडलेलं मला दिसलं.

"सगळ्याचा," काका म्हणाले आणि पुढचं दार उघडून बसले. "मालक असेपर्यंत पुढे मीच बसणार."

मी चालवायला. मागे दिघे आणि माया. दिघ्यांनी कार्पेट उचलून बघितलं, सीटखाली हात घातला, नाक खुपसून बघितलं. गाडी कोरडी ठणठणीत. मीही हुंगून पाहिलं. काहीच नाही. जुन्या सीटकव्हरांचा जेवढा येईल तेवढा, बस.

पेठेतून निघून सिंहगड रस्त्याला लागलो. चांगली चालत होती हो! उंचावर बसलं की समोरचं सगळं ट्रॅफिक आपल्या अखत्यारीतलं वाटतं. खड्डा आला की आत फक्त 'धप्' एवढाच निरोप येत होता. एसी तर असा, की दिघ्यांनी बाह्या खाली केल्या. दिघे मागून टिपणी देत होते. "तिसऱ्या गिअरला रडतीये बघा... सस्पेन्शन कडक आहे... पिकअप बरा आहे." काका पुढून माझ्या चालवण्यावर टिपणी देत होते. "इंडिकेटर दाखवायला असतो, मेश्राम. सजावट नाही ती."

आणि मागून मायाचा आवाज आला. अगदी सहज, खिडकीबाहेर बघत.

"कोणाजवळ आलेपाक आहे का हो? मस्त वास येऊन राहिला."

मंडळी, मी दुभाजकावर गाडी घातली नाही ती केवळ पुणेकरांच्या पुण्याईनं.

काकांनी खिशावर हात ठेवला. "आहे माझ्याकडे," ते जरा नाइलाजाने म्हणाले. "काढणार नव्हतो."

मी आरशात बघितलं. आपण काय बोललो ते मायाला तेव्हा कुठे कळलं असावं. तिने दोन्ही हात नाकावर धरले होते आणि तिचे डोळे... जाऊ द्या. दिघ्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते शांतपणे म्हणाले, "मागचे स्पीकर चालतात का?"

गाडी बाजूला घ्यायला जागा कुठे असते त्या रस्त्यावर! सरळ खडकवासला गाठलं. धरणाच्या कडेला कणसं भाजणाऱ्यांची रांग लागलेली असते, तिथे थांबलो. माया खाली उतरली आणि थेट एका शेगडीसमोर जाऊन उभी राहिली. निखाऱ्यावर कणसं तडतडत होती, त्यांचा वास मला गाडीपाशी येत होता. ती डोळे मिटून उभी. मग वळली आणि मान हलवली. नाही. काही नाही.

मला वाटलं, संपलं. झाला असेल भास. एक कणीस घेतलं, तिच्या हातात दिलं, गाडीत बसलो. दार लावलं.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "एका बाजूनं करपलंय हे."

आम्ही कणीस फिरवून बघितलं. तिच्या हाताखालची बाजू काळीठिक्कर होती.

त्यानंतर आम्ही काय केलं ते सांगायला मला जरा संकोच वाटतो, कारण आम्ही तिघंही पन्नाशीच्या आसपासची माणसं. मायाला डोळे मिटायला लावून तिच्या नाकाशी आलेपाक, लिंबाची फोड, दिघ्यांचा रुमाल, गाडीची किल्ली असं एकेक धरत बसलो. सगळं बरोबर. रुमालाला तर तिने 'केसांचं तेल आणि शेंगदाण्याची चटणी' असे दोन्ही गुण दिले, दिघे लाजले. तिला बाहेर उतरवून त्याच वस्तू नाकाशी धरल्या. लिंबू असेल का, असं ती रुमालाला म्हणाली. परत आत. सगळं बरोबर. परत बाहेर. शून्य. येणारी-जाणारी माणसं थांबून बघायला लागली. रविवारी तिथे येणाऱ्यांना तेवढीच करमणूक.

काका या सगळ्यात पुढच्या सीटवर ढिम्म बसून होते. मला राहवेना. "काका, तुम्ही म्हणालात 'सगळ्याचा वास येतो'. म्हणजे काय?"

"म्हणजे सगळ्याचा." त्यांनी खिशातून डबी काढली. तपकिरीची. "ही मी तरुणपणापासून ओढतो. माझं नाक केव्हाच बाद झालंय. सत्तर वर्षांपर्यंत फार सुखात गेलं आयुष्य. ही गाडी घेतली आणि आत बसलं की सगळं कळायला लागलं. शेजारी बसलेल्यानं अंघोळ केली की नाही, नातवानं सीटखाली काय सांडलंय, सगळं. बाहेर उतरलो की परत शांत. अहो, मला रोज नदीवरचा पूल ओलांडून जावं लागतं! नाक बंद होतं तोवर मी या शहरावर प्रेम करत होतो."

"कोणाला सांगितलं नाहीत?"

"मुलाला सांगितलं. त्यानं मला डॉक्टरकडे नेलं. याच गाडीतून." काकांनी चिमूट ओढली. "दोष सांगितलाय मी. सांगून विकतोय. पुढे काय ते तुम्ही बघा."

नारायण पेठेत परत येऊन दिघ्यांनी मला बाजूला घेतलं आणि निकाल दिला. "मेश्राम, नाही. क्लच जाणार. टायर लगेच. मागचा शॉकअब्सॉर्बर गेलाय. तिसऱ्या गिअरचा आवाज पुढे महागात पडेल. जमेच्या बाजूला काय? उंची, एसी, डिकी मोठी, पिकअप. पण अशा जमेच्या गाड्या पुण्यात ढिगानं आहेत."

"आणि नाक?"

"नाक काय ॲक्सेसरीजमध्ये धरायचं का?" ते वैतागले. मग त्यांनी मायाकडे बघितलं. ती अजून गाडीतच बसली होती. काच बंद. ओंजळीत आलेपाकाची एक वडी. काकांनी शेवटी दिली होती. खात नव्हती ती. नुसती नाकाशी धरून बसली होती.

"घ्या," दिघे म्हणाले. "क्लचचं मी बघतो."

अशी ती गाडी धायरीत आली. आता तुम्ही म्हणाल की मेश्राम, तुम्ही एवढे विवेकवादी, तपासलं काय? सगळं तपासलं! गॅरेजवाल्याकडून एसीचा फिल्टर बदलून घेतला. फरक नाही. एसी बंद ठेवला. फरक नाही. सीटकव्हरं काढली, परत घातली, गाडी आतून धुऊन घेतली. तिला वास येतच राहिला, उलट शांपूचा जास्तीचा आला. आमच्या सोसायटीत अगदी याच कंपनीची, याच मॉडेलची, याच रंगाची दुसरी गाडी आहे. काहीतरी निमित्त काढून मायाला तिच्यात बसवलं. काही नाही. चित्रासारखी बसून आली.

मग सीमारेषा शोधली. हा माझा आवडता भाग. माया सीटवर बसून दारातून हळूहळू डोकं बाहेर काढायची आणि मी तिच्या नाकाशी कांद्याची फोड धरून बरोबर सरकायचो. दाराच्या चौकटीवरच्या रबरापर्यंत कांदा. रबर ओलांडलं की काही नाही. मागची डिकी उघडून तिच्या छपराखाली बसली तरी चालायचं. पाय बाहेर सोडले तरी हरकत नाही. डोकं तेवढं छपराखाली हवं. वरच्या गॅलऱ्यांतून लोक बघायचे. वॉचमन मला हल्ली सलाम करत नाही, नुसता बघतो.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडेही गेलो. त्यांनी केबिनमध्ये छोट्या बाटल्या हुंगायला दिल्या. मायाला एकही ओळखता आली नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, हीच परीक्षा खाली गाडीत घ्याल का?" ते माझ्याकडे ज्या नजरेनं बघत राहिले, त्या नजरेला आम्ही दोघं आता सरावलोय. पण माणूस सज्जन, शेवटचा पेशंट होऊ दिला आणि आले खाली. मागच्या सीटवर मायाशेजारी बसून एकेक बाटली उघडली. लवंग. कॉफी. साबण. सगळ्या बरोबर. डॉक्टर बराच वेळ बाटल्यांची झाकणं लावत बसले. मग म्हणाले, "नसा कधीही सुधारू शकतात. पण त्या पार्किंग बघून सुधारत नाहीत." आणि उतरताना अगदी सहज विचारल्यासारखं, "ही... विकायची नाहीये ना?"

सासूबाईंना फोनवर सांगितलं. भूत-पिशाच्च त्याही मानत नाहीत. त्यांनी दोन मिनिटांत निदान केलं. "घरी जावईबापू सारखे बोलत असतात. गाडी चालवताना तेवढं तोंड बंद राहते. पोरीले तेवढीच मोकळी हवा मिळत असंल."

आजपर्यंतच्या सगळ्या खुलाशांत मला हाच त्यातल्या त्यात शास्त्रीय वाटतो.

पण मंडळी, गाडी आली म्हणून कढई खाली आली, असं झालं नाही. मी दोन-तीनदा सुचवून पाहिलं. "नको," ती म्हणायची. एकदा तिने खरं कारण सांगितलं. आम्ही गाडीत बसलो होतो, नुसतेच, पार्किंगमध्ये. हल्ली बसतो असे. ती बरोबर काहीबाही घेऊन येते. मोगऱ्याची फुलं, आमच्या मुलीचा लहानपणचा स्वेटर, पावडरचा डबा.

"परत बिघडला तर?" ती म्हणाली. "मागच्या वेळी नाक नव्हतं म्हणून बिघडला. आता आहे. आता बिघडला तर मलाच येत नाही असं होईल ना."

मी पावडरच्या डब्याचं झाकण उघडून तो तिच्यापुढे धरला.

खुलासा माझ्याकडे नाही, हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कोणी माझ्याकडे बघत बसायला नको. लिमयेकाकांना वास यायचा, मायाला येतो. मला आणि दिघ्यांना गाडीत नेहमीइतकाच येतो, कमी नाही, जास्ती नाही. बिघडलेल्या नाकांशीच या गाडीचं काय नातं आहे, ते चौकटीच्या रबरापाशीच का संपतं, मला माहीत नाही. भूत म्हणावं तर कोणाचं? आणि बिनकामाचं भूत इतकं कामाचं कसं निघेल? मी वाचक म्हणून तुम्हाला हसत होतो, आता तुम्ही मला हसा. फिटंफाट. फक्त गेल्या रविवारी जे झालं ते सांगतो आणि थांबतो.

सकाळी चहा पिता पिता माया म्हणाली, "कढई काढा."

मी कप ठेवला आणि स्टूल आणायला पळालो. काही विचारलं नाही. कधी नव्हे ते तोंड बंद ठेवलं. सासूबाईंना कळलं असतं तर पेढे वाटले असते त्यांनी.

बेत असा ठरला. गाडी पार्किंगच्या अगदी कडेला, मोकळ्या आभाळाखाली. डिकी उघडी. डिकीत चादर अंथरून, पाय बाहेर सोडून, छपराखाली माया. गाडीपासून हातभर लांब, टेबलावर शेगडी, शेगडीवर कढई, आणि बादलीभर पाणी घेऊन मी — अग्निशमन विभाग. डिकी मोठी असणं हा गुण दिघ्यांनी जमेला धरला होता, पण कशासाठी, हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही नसेल.

धणे पडले. माया लांब दांड्याचं उलथणं घेऊन पुढे वाकली. चेहरा असा, की बोर्डाच्या परीक्षेला बसलेली मुलगी. मी तिच्याकडे बघतोय, ती कढईकडे. मला वास यायला लागला, चांगला खमंग. वाटलं, आता काढायला हवेत. ती हलत नाही. माझे हात शिवशिवायला लागले. अजून नाही. धणे आता नक्की करपणार, असं माझं मन म्हणालं आणि त्याच क्षणी —

"झालं!"

मी गॅस बंद केला. चार धणे तोंडात टाकले. आणि खरं सांगतो, ती चव मी इतकी वर्षं विसरलो होतो हेच मला तेव्हा कळलं.

मग खोबरं झालं. खसखस झाली. दगडफूल झालं, तेव्हा तर ती गुणगुणत होती. शेवटी मिरच्या. मिरच्या कढईत पडल्या आणि समस्त सोसायटी खोकायला लागली. पहिला मजला खोकला, दुसरा खोकला, वरच्या मजल्यावर कोणीतरी "अरे काय चाललंय काय!" असं ओरडलं आणि पुढचं ठसक्यात गेलं. खिडक्या धडाधड बंद झाल्या. मी स्वतः डोळे पुसत, शिंकत, शेवटी "झालं!" ऐकून गॅस बंद केला.

धूर विरतोय तोवर लिफ्टचं दार उघडलं आणि आमच्या सोसायटीचे चेअरमन शेलारकाका बाहेर आले. कुठल्याशा लग्नाला निघालेले, अंगात कडक पांढरा शर्ट, नाकाला रुमाल. पार्किंगच्या त्या टोकाला लिफ्टपाशीच उभे राहून त्यांनी तोफ डागली.

"मॅडम! हे पार्किंग आहे! मसाल्याचा कारखाना नाही! उद्या कोणी इथे वडे तळेल!"

एरवी माया असल्या वेळी मला पुढे करते. पण त्या दिवशी तिच्या अंगात काही वेगळंच होतं. ती डिकीतून टुणकन खाली उतरली. गुडघे बिडघे सगळं विसरून. हातात उलथणं तसंच, कढईच्या काजळीनं कपाळ काळं. मला म्हणाली, "कढईजवळ थांबा तुम्ही," आणि तरातरा चालत गेली. दोन गाड्या मागे टाकल्या, स्कूटरची रांग मागे टाकली, थेट लिफ्टपर्यंत. मी कढईपाशी उभा. एका हातात बादली.

शेलारकाका सावध झाले. रुमाल खाली आला. "हे बघा, मी फक्त नियम सांगतोय..."

मायाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. आणि तसंच उघडं ठेवलं. मान थोडी पुढे केली. परत एकदा, आणखी पुढे. शेलारकाका मागे सरकले, त्यांची पाठ लिफ्टच्या दाराला लागली. माझ्या हातातली बादली कलंडली, पाणी माझ्या पायावर गेलं, ते मला नंतर समजलं. ती तिथे, गाडी इथे, माझ्यामागे डिकी सताड उघडी. आणि अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात माया ओरडली —

"अहो काका, तुमच्या शर्टाले डांबरगोळ्यांचा वास येऊन राहिला!"